पोचली की पावली?

आमच्या गल्लीतल्या ताई अहमदपूरच्या एका संस्थेत पूरग्रस्तांना मदत वाटायचं काम करतात. मदत पोचली, असं कुणी म्हटलं की त्यांना चालत नाही. "पोचली तर तालुक्यालाच. माणसाला पावली का, ते बोला," असं संस्थेच्या साहेबालाही सुनावतात. आवाज असा, की मदतीचा माल नेताना त्या शेजारी बसल्या असल्या की माझ्या टेम्पोला हॉर्न लागत नाही.

औंदाच्या पुरात बाहेरदेशातून ब्लँकेटं आली. ती घेऊन आम्ही एका गावात शिरलो, तर कुठल्याशा टोळीचे चौघे तलवारी घेऊन आडवे आले. "माल इथंच उतरवा, आम्ही वाटतो," म्हणाले. मी गपकन काच वर केली. ताई दार उघडून खाली उतरल्या.

"बाहेरदेशाची मदत हत्यारवाल्याच्या हातात द्यायची न्हाई, कायदा हाय."

"तो अतिरेक्यांसाठी हाय, बाई. आम्ही इथलीच माणसं."

"इथलीच ना? मग तुमच्याबी घरात पाणी शिरलं असंल. तलवारी घरी ठेवा अन् रांगेत या."

चौघं बडबडत निघून गेले. वाटप संपत आलं तेव्हा त्यातला एक रिकाम्या हातानं येऊन रांगेत शेवटी उभा राहिला. ताईंनी त्याच्या दोन्ही हातांवर ब्लँकेट ठेवलं.

"पावली का?"

"हाव," तो खाली बघत म्हणाला.

त्या दिवशी गल्लीत शिरताना मी सारखा हॉर्न वाजवत आलो. शेजारी कोण बसलंय, ते लोकांना कळायला नको?