सूर्याजीरावांची सरळ रेघ

ग्वाल्हेरच्या खासगी बाजारामागच्या एका गल्लीत सूर्याजीराव जगदाळे रोज सकाळी साडेपाचला फक्की मारतात. फक्की म्हणजे मैदानावर रेघा आखायची चुन्याची पूड. बत्तीस वर्षं त्यांनी एका शाळेचं मैदान सांभाळलं, खो-खोपासून कबड्डीपर्यंत सगळं आखलं, आणि ज्या वयात माणसं देवदेव करतात त्या वयात भर रस्ता आखायला घेतला. जगदाळ्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले. तलवार कधीच मोडीत निघाली. हट्ट मात्र जसाच्या तसा वारशाने उतरला आहे.

झालं असं, की पडाव पुलाकडून सराफा बाजाराला जाणाऱ्यांना मोबाइल ही गल्ली जवळची वाट म्हणून दाखवायला लागला. मग काय, शाळेच्या आणि ऑफिसच्या वेळेला मोटारी नुसत्या उधळायच्या. दिवाळीनंतर अशीच एक मोटार रुचिकाच्या सायकलला घासून गेली. रुचिका ही सूर्याजीरावांची नात, आठवीतली. ढोपर फुटलं, तेवढ्यावर निभावलं. पण तिच्या बापाने, राजवर्धनने, सायकल माळ्यावर टाकली आणि शाळेला रिक्षा लावली. पोरीने दोन दिवस आदळआपट केली आणि मग एकदम गप्प झाली. ते गप्प होणं आजोबांना सोसवेना. सायकल तिला त्यांनीच शिकवली होती.

गल्लीत सायकलींसाठी पट्टा आखून द्यावा म्हणून त्यांनी रीतसर अर्ज केला. असे अर्ज पुष्कळ असतात, वेळ लागेल, असं उत्तर मिळालं. सूर्याजीरावांकडे वेळ होता, पण रुचिका वाढत होती. तेव्हा शेंडी तुटो की पारंबी, पट्टा आपणच आखायचा असं त्यांनी ठरवलं.

गल्ली चोवीस फूट रुंद. दोन्ही कडांना पाच-पाच फूट सायकलींना, मधले चौदा मोटारींना. नुसत्या चुन्याला कोण भिणार, असं लोक हसत म्हणाले. सूर्याजीरावांना रेघेचा वचक ठाऊक होता. कबड्डीत रेघेबाहेर पाय पडला की धिप्पाड गडीसुद्धा मुकाट्याने बाहेर जाऊन बसतो. आणि रस्ता ऐसपैस दिसला की मोटारवाल्याचा पाय आपोआप दाबला जातो, चिंचोळा दिसला की तोच पाय सैल पडतो, हेही त्यांनी ओट्यावर बसून महिनाभर पाहून ठेवलं होतं. पहिल्याच सकाळी मोटारी दोन रेघांच्या मधून जपून जायला लागल्या. संध्याकाळपर्यंत चाकांनी चुना पुसला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा मारला. तिसऱ्या दिवशीही.

खरी अडचण गल्लीवाल्यांचीच होती. ज्याची त्याची मोटार ज्याच्या त्याच्या दारात, म्हणजे नेमकी पट्ट्यात. सूर्याजीराव घरोघर गेले, हात जोडले, देवीच्या मंदिरामागच्या मोकळ्या जागेत मोटारी लावा म्हणून विनवलं. निम्म्यांनी ऐकलं. समोरच्या उषाताईंकडे गेले, तेव्हा त्या चहा देऊन शांतपणे म्हणाल्या, "आधी स्वतःच्या दारात बघा सूर्याजीराव. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं नका करू."

सूर्याजीरावांनी जाऊन पाहिलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. राजवर्धनची पांढरी मोटार दारात उभी होती आणि रेघ तिच्यापाशी येऊन वळसा घालून पुढे गेली होती. तीन आठवडे त्यांच्याच हाताने, रोज. बत्तीस वर्षांत ज्याने एकदा रेघ वाकवली नाही, त्याचा हात पोराच्या गाडीपाशी आपसूक वळत होता आणि त्याला पत्ताही नव्हता.

दुसऱ्या सकाळी त्यांनी रेघ सरळ नेली. मोटार आडवी आली तिथे बॉनेटवरून, काचेवरून, टपावरून फक्की मारत मागच्या बाजूने खाली उतरवली. गल्ली जागी झाली तेव्हा मोटारीच्या अंगावर पांढरा ठसठशीत पट्टा होता, पांढऱ्यावरही उठून दिसेल असा जाड, आणि उषाताई खिडकीत उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या.

राजवर्धन बाहेर आला तो लालबुंद होऊनच. "आबा, हे काय करून ठेवलंत? मला ऑफिस जायचं आहे. आणि गाडी तिकडे मंदिरामागे लावून रोज पैदल येऊ का मी?"

सूर्याजीराव आवाज चढवणाऱ्यांतले नाहीत. फक्कीचा डबा खाली ठेवून ते म्हणाले, "तुझी गाडी इथे असते, म्हणून रुचिकाला पट्टा सोडून मधे यावं लागेल. तिला मोटारीपुढे कोण ढकलतंय, ते तूच सांग."

चुना न पुसताच मोटार घेऊन राजवर्धन निघून गेला. दिवसभर सूर्याजीरावांना वाईट वाटत राहिलं. बोललो ते फार झालं, असं ते बायकोजवळ दोनदा म्हणाले. संध्याकाळी राजवर्धन पायी घरी आला.

त्यानंतर आठवड्यातच उषाताईंच्या दारातली मोटारही हलली. राहिलेल्या दोघातिघांनी लाजेकाजेस्तव मंदिरामागची जागा धरली. आणि एका सोमवारी राजवर्धनने स्टूल घेतलं, माळ्यावरून सायकल उतरवली आणि बायकोला सांगितलं की आज रिक्षा नको.

सात वाजता रुचिका निघाली. सूर्याजीराव दारात उभे होते. "आजोबा, पीछे मत आना, मी जाते नीट," असं तिने बजावलं होतं, म्हणून त्यांनी पाऊल उचललं नाही. पोरगी रेघेच्या आतून, कडेकडेने, ताठ बसून चालली होती. तेवढ्यात मंदिराकडून राजवर्धनची मोटार आली. मधला रस्ता मोकळा होता, पुढे जायला काहीच हरकत नव्हती. तो गेला नाही. गल्लीच्या टोकापर्यंत तो लेकीच्या सायकलमागून तिच्याच वेगाने मोटार चालवत राहिला, आणि त्याच्यामागे अडकलेल्या पाच मोटारींनी हॉर्नचा कल्लोळ केला तरी त्याने मागे वळून पाहिलं नाही.