युरोपचा नकाशा आणि ऑफिसातल्या बाई

कुवेतमधल्या फहाहीलजवळच्या एका युरोपियन शाळेत मी गणित शिकवते. तिथे दरवर्षी युरोप दिवस साजरा होतो. त्या वर्षी भिंतीवरचा मोठा नकाशा पाचवीच्या मुलांकडून रंगवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. वर्गात जर्मन, पोलिश, ग्रीक, स्पॅनिश अशी मुलं. निम्मी कुवेतमध्येच जन्मलेली, स्वतःचा देश फक्त सुट्टीत पाहिलेली. पहिल्या दिवशी सरहद्दींवरून चांगलीच जुंपली. आठवड्याभरात मात्र ती एकमेकांचे देश रंगवू लागली.

एका पोलिश मुलीने मध्येच ब्रश थांबवून विचारलं, “मिस, आम्ही सगळे एक, हे आम्हाला ही शाळा शिकवते. तुम्हाला कुणी शिकवलं?”

“आमच्याही शाळेनंच,” मी म्हटलं. रोज सकाळी रांगेत उभं राहून आम्ही प्रतिज्ञा म्हणायचो, तेही सांगितलं. तिचं समाधान झालं. मला मात्र चैन पडेना. आपण काहीतरी पोकळ बोललो, असं वाटत राहिलं.

रंग संपले म्हणून दुपारी ऑफिसात गेले. तिथल्या बाई तीन वर्षं ओळखीच्या. डोक्याला स्कार्फ, हसरा चेहरा. आमचं सगळं बोलणं हिंदीत. त्या फोनवर होत्या. “अगं, तिला उपाशी शाळेत नको पाठवूस! भाकरी दे बांधून.”

मी दारातच थबकले. त्यांनी फोन ठेवल्यावर विचारलं, “तुम्ही मराठी?”

“रत्नागिरीची. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत होते.”

“मग इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत?”

“तुमचं आडनाव वाचून मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, मॅडम. पण तुम्ही हिंदीत सुरुवात केलीत. म्हटलं, तुम्हाला तसंच बरं वाटत असेल.”

पहिल्या दिवशी मी त्यांचा स्कार्फ पाहिला होता आणि या मराठी नसणारच, असं गृहीत धरलं होतं. हे त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. “चुकलंच माझं,” एवढंच कसंबसं म्हणाले.

“असू दे हो,” म्हणत त्यांनी कपाट उघडलं. “निळा हवाय की हिरवा?”

आता मधल्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ बसून डबा खाते. बहिणीच्या, भाचीच्या गोष्टी त्या मोकळेपणाने सांगतात. त्या हिंदीचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. एकदा तरी त्या माझ्यावर रागवायला हव्या होत्या, असं मला अजून वाटतं.