भाऊजींची ओरिजिनल रिंग

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, घरात सगळे 'तज्ज्ञ' म्हणतात. त्यांना ते कौतुक वाटतं आणि आम्ही वाटू देतो. पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीत ते नोकरीला आहेत. गिऱ्हाइकाला पंपाची माहिती द्यावी लागते, तेवढ्या भांडवलावर जगातली सगळी यंत्रं आपली ताबेदार आहेत असा त्यांचा समज झाला आहे. माझ्या मिक्सरचं झाकण त्यांनी 'दुरुस्त' केलं, तेव्हापासून तो चालू असेपर्यंत मी त्यावर हात दाबून उभी असते. भाऊजी पाना हातात घेतात तेव्हा आधी पाना धरलेला फोटो निघतो. बऱ्याचदा काम तिथेच संपतं.

सासरे शाळेत भूगोल शिकवायचे. स्वभावाने तिखट. तरुणपणी हौसेखातर त्यांनी आगगाडीचं वाफेवर चालणारं एक छोटं इंजिन केलं होतं, गोल रुळांवर फिरणारं. हातभर लांब, पितळेचं. खाली स्पिरिटचा दिवा, वर बॉयलर, बाजूला अंगठ्याएवढा सिलिंडर आणि माथ्यावर शिट्टी. आता ते नुसती वाफ सोडायचं, जागचं हलायचं नाही. इकडे सासऱ्यांची नजर मधोमध विझत चालली होती. जे पाहायचं ते आत्ताच पाहून घ्या, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते.

"मला ते एकदा फिरताना बघायचंय," सासरे जेवताना म्हणाले. दुर्दैवाने भाऊजी ताटावरच होते.

इंजिन त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावर, भाऊजींच्या बिऱ्हाडात गेलं. टेबलावर मखमल अंथरली गेली, तिच्यावर स्क्रू मांडले गेले. मग आम्हाला सगळ्यांना वर बोलावणं आलं. भाऊजींनी सिलिंडरमधला पिस्टन चिमटीत धरला होता. त्याच्या कडेला गोल खाच होती, रिकामी.

"रिंग गेली आहे. इथूनच वाफ निसटते. रोग सापडला!"

"तिथे रिंग कधी नव्हतीच," सासरे खुर्चीतून म्हणाले. "मी दोरी गुंडाळली होती. जळली असेल. दुसरी गुंडाळ."

"दोरी? अहो बाबा, हे इंजिन आहे, पायजमा नाही."

माझी जाऊ हसली. त्यांच्या प्रत्येक विनोदाला ती हसते, लवकर सुटका होते म्हणून.

"केलंय मी ते," सासरे म्हणाले.

"तुमचं ठीक आहे हो. पण पार्ट ओरिजिनलच लागतो."

ज्याने वस्तू घडवली तो समोर बसलेला, आणि हे ओरिजिनलच्या शोधात! परदेशातल्या हौशी मंडळींना मेसेज गेले, कॅटलॉग आले, खोक्यांतून रिंगा आल्या. एक मोठी, एक लहान, एक तिसऱ्याच कशाची. "केसभर हुकली," भाऊजी जिन्यावरून सांगायचे, आणि सूर असा की चूक सिलिंडरचीच. खालून सासरे विचारायचे, "फिरलं का?"

"प्रोसेस चालू आहे, बाबा!"

प्रोसेस चालू होती तोवर सासरे पेपराचे नुसते मथळे वाचू लागले, मग माझ्याकडून वाचून घेऊ लागले. कप ठेवण्याआधी बशी बोटाने चाचपू लागले. हे तज्ज्ञांच्या लक्षात आलं नाही. ते भिंगातून पिस्टन बघत होते.

शेवटी त्यांनी कारखान्यात बनलेलं तेवढंच एक जुनं इंजिन विकत आणलं, फक्त रिंग काढून घ्यायला. आणि ते उघडल्यावर त्यांना मोडवेना. "इतका सुंदर पीस कोणी फोडतं का, वहिनी?" त्या सुंदर पीसची शिट्टी तेवढी तुटलेली होती. मग बाबांच्या इंजिनाची शिट्टी काढून त्याला बसवली. बाबांचं बाकीचं इंजिन बिस्किटांच्या डब्यात गेलं आणि डब्यावर लिहिलं गेलं, 'स्पेअर'.

समारंभ झाला. शेजारी बोलावले होते, सासरे पहिल्या खुर्चीत. इंजिन रुळांवरून गोल फिरलं, शिट्टी वाजली, टाळ्या पडल्या. सासरे मान तिरकी करून उरल्यासुरल्या नजरेने बघत होते.

"शिट्टी माझी आहे," ते म्हणाले. "बाकीचं कोण आहे?"

"तुमचंच की, बाबा. अपग्रेड केलंय."

माझ्या सोशिकपणाचं सासरी मोठं नाव आहे. मी ते थोडा वेळ बाजूला ठेवलं. शेजारी पांगले, इंजिन निवलं, तशी मी फडक्यात धरून शिट्टी पिळून काढली.

"वहिनी, अहो काय करताय? त्यात तेवढीच तर वस्तू बाबांच्या हातची आहे!"

"म्हणूनच नेतेय," मी म्हटलं आणि डबाही उचलला.

जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघं बसलो. सासऱ्यांची बोटं एकेक तुकडा ओळखत होती. मी कपाटातून कोरी नाडी काढली, उसवून तिचा एक पदर वेगळा केला. पेन्सिलीच्या शिशाची पूड तेलात कालवून त्याला चोळली. सासऱ्यांनी तो खाचेत गुंडाळला, बारीक स्क्रू मी आवळले आणि शिट्टी परत माथ्यावर बसवली. दिवा लावला. इंजिन फुसफुसलं आणि बसून राहिलं.

"सैल आहे. अजून एक वेढा दे," सासरे माझ्यावर खेकसले.

दिला. या खेपेला इंजिन एकदा अडखळलं, एक हिसका देऊन सुटलं आणि टेबलावर मांडलेल्या रुळांवरून खडखडत फिरू लागलं. सासऱ्यांनी चेहरा रुळांपाशी टेकवला. चष्म्यावर वाफ धरली. मी पुसायला गेले तर हात झटकला. "मध्ये येऊ नकोस. दिसतंय मला."

शिट्टी ऐकून भाऊजी जिना उतरून आले. कमरेवर हात ठेवून वाकले, सगळीकडून बघून झालं.

"अरे वा! रिंग मिळाली शेवटी? कुठे मिळाली?"

सासऱ्यांनी इंजिनावरची नजर काढली नाही.

"पायजम्यात."