गुलाबी गोळी, पांढरी गोळी

मी पाचवीतून शाळा सोडलेली बाई. भंडाऱ्याकडून इतक्या लांब भिंगारला आले ती निवृत्त सुभेदारसाहेबांना सांभाळायला. पाच वर्षं त्यांच्याच घरात राहिले. त्यांनी कधी परकं मानलं नाही. औषधांवरची इंग्रजी अक्षरं मला येत नव्हती, गोळ्या मी रंगावर ओळखायची. सकाळी बीपीची गुलाबी, जेवणानंतर पिवळी. साहेबांना दिसायचं कमी. ते नुसता हात पुढं करायचे, "जवान, दारूगोळा आण."

गेल्या महिन्यात माजी सैनिकांच्या दवाखान्यातून औषधं आली, त्यात गुलाबी नव्हती, एक पांढरी होती. मला वाटलं, डॉक्टरांनी नवीन वाढवली. जुन्या पट्टीत गुलाबी उरल्या होत्याच. दोन दिवस दोन्ही दिल्या. तिसऱ्या सकाळी साहेब खुर्चीतच गेले, दाढीचा साबण गालावर तसाच.

अंगणात माणसं जमली. एक म्हातारे म्हणाले, "लई शिस्तीचा मानूस. आता देवाला बी पाचला उठावं लागंल." कोणीतरी हसलं. शेजारच्या काकूंचे यजमानही फौजीच. त्या सहज बोलून गेल्या, "आमच्या ह्यांची बीपीची गुलाबी गोळी या महिन्याला पांढरी आली. कंपनी बदलली म्हनत्यात."

म्हणजे एकच औषध मी दुप्पट दिलं.

छावणीतून आलेल्या जवानांनी पुष्पचक्र वाहिलं, बिगुल वाजला. सगळे सावधान उभे. मी भिंतीला टेकून होते. पोलीस येतील, गावी लेकीला कळेल, एवढंच डोक्यात.

पुरुष अंत्यविधीला अमरधामला गेले. आम्ही घर धुतलं, साहेबांच्या जागी पीठ पसरून दिवा लावला. पुण्याहून आलेली त्यांची मुलगी तिथंच बसली होती. मी दोन्ही पट्ट्या तिच्यापुढं ठेवल्या.

"ताई, दोन दिवस मी दोन्ही दिल्या."

तिनं चष्मा लावून वाचलं. साहेबांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि मलाही ऐकू यावा म्हणून स्पीकरवर ठेवला. घंटी किती वेळ वाजत राहिली.

"चक्कर आली होती का? पडले होते?" ताईनं गोळ्यांचं सांगितल्यावर डॉक्टरांनी विचारलं.

"नाही जी. काल संध्याकाळी फाटकापर्यंत चालले. हात हलवून चाल, असं मलाच शिकवत होते."

"मग त्या गोळ्यांनी नाही गेले. हृदय आधीपासूनच थकलेलं होतं, सकाळी येऊनही मी तपासलंय. पण बाई, रंगावर औषध देऊ नका."

ताईनं फोन ठेवला. "ऐकलंस ना?"

मी मान हलवली. रडू तेव्हा आलं.

"तेराव्यापर्यंत मी इथंच आहे," ती म्हणाली. "माझी शुगरची गोळी रोज तू द्यायचीस. नाव वाचून. अक्षरं मी शिकवते."

दुसऱ्या सकाळी पट्टी हातात घेतली. पहिल्या अक्षरालाच मला घाम फुटला. ताई पाण्याचा पेला धरून थांबून राहिली.