विहीणबाईंच्या टाळूवरचा एसी

तेव्हा मी पन्नाशीची होते. आता सत्तरी ओलांडल्यावर मागं वळून बघते, तर ती बाई मला अगदीच पोरगी वाटते. अंगात रग भरपूर, आणि ती कुठं जिरवावी याची अक्कल शून्य.

लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. आमच्यात ते माहेरीच, म्हणजे आमच्या हिंगोलीजवळच्या गोरेगावात व्हायचं, त्यात विचारायचं काही नसतं. पण एका लग्नाच्या पंगतीत आमच्या नांदेडच्या विहीणबाई दहा बायकांदेखत म्हणाल्या, "गोरेगावच्या उकाड्यात माझी सून कशी ठेवू? आमच्या घरी एसी हाय. तुमच्याकडं काय, तर कूलर! त्यात पाणी भरता भरताच बाळंतीण दमायची." बायका हसल्या. मीही हसले. हातातली जिलबी मात्र तशीच पानात ठेवली. डोहाळजेवणाला येऊन आमचं घर बघणार आणि मगच लेकीला ठेवायचं की परत न्यायचं ते ठरवणार, असं त्यांनी तिथंच जाहीर केलं.

मग काय! हिंगोलीहून स्वस्तातला स्प्लिट एसी आणला, जीपच्या टपावर बांधून. कंपनीचं नाव गावात कुणी ऐकलेलं नव्हतं. तो लावायला आलेल्या मेकॅनिकला मी बैठकीतल्या दिवाणाच्या वरची भिंत दाखवली.

"काकू, इथं न्हाई जमायचं. पाण्याच्या नळीला उतार न्हाई भेटत. आन् दिवाणावर बसणाऱ्याच्या बराबर टाळूवर वारा येईल."

"तेच पाहिजे," मी म्हणाले.

"बसणार कोण हाय तिथं?"

"पाहुणे."

त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा आमच्या ह्यांच्याकडं पाहिलं आणि पिशवी उचलली.

आता आपणच लावायचा, असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. शेतातली मोटार मी जोडायची, फ्यूज मी घालायची, मग भिंतीवर एक डबा टांगायला काय लागतं? आमचे हे सावध माणूस. "अवं, तांब्याची नळी मुरगळली तर वाया जाते. गॅस सोडायच्या आधी नळीतली हवा ओढून काढावी लागते, त्याचा पंप कुठाय आपल्याकडं?" हे खरं होतं. पण मेकॅनिकच्या हाती दिलं तर एसी उताराच्या सोयीनं लागणार, आणि मला तो विहीणबाईंच्या टाळूच्या सोयीनं हवा होता. शेवटी तोड काढली. भोक पाडायचं, भिंतीवर पत्रा ठोकायचा आणि त्यावर डबा टांगायचा, हे आपण करायचं. नळी जोडायला आणि गॅसला त्याला बोलवायचं. एकदा भोक पडलं की तो तरी काय करणार?

दिवाणावर मी विहीणबाईंसारखी बसले, हनुवटी वर करून. ह्यांनी स्टुलावर चढून माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर खडूनं खूण केली.

"थोडं डावीकडं घ्या. विहीणबाई लोडाला रेलून बसतात."

"तू एसी लावून राहिली का नेम धरून राहिली?"

छिन्नी-हातोडा घेऊन अर्धा दिवस मी ते भोक पाडलं. आतून पाडताना हात वरच्या अंगाला जातो, म्हणून भोक बाहेरच्या बाजूला चढत गेलं. मेकॅनिक आला, त्यानं त्यात डोळा लावला आणि म्हणाला, "काकू, पाणी चढण चढत नसतं." मी म्हणाले, "उद्या पाहुणे येऊन राहिले. तू गॅस सोड."

डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळपासून लाईट टिकली, हे आमचं नशीब. लेक हिरव्या साडीत पाटावर, विहीणबाई मानानं दिवाणावर, बराबर खुणेखाली. मी एसी सोळावर टाकला. त्यांनी पदर खांद्यावरून घेतला. मग गळ्याशी आवळून घेतला. एकदा शिंकल्या. "जरा बंद करा" एवढे तीन शब्द ऐकायला मी जीव कानात आणून उभी होते. त्या काही बोलेनात.

बोललं ते पाणी. थेंब पडला तो नेमका त्यांच्या भांगात. दुसऱ्या थेंबाला कुंकू नाकावर उतरलं. मला आतून इतकं हसू फुटलं की ओटीचं ताट तोंडापुढं धरावं लागलं. विहीणबाईंनी नाक पुसलं, वर पाहिलं. "भर उन्हाळ्यात गळणारं घर मी पैल्यांदाच पाहून राहिले." बायका पुन्हा हसल्या, आणि पुन्हा माझ्यावरच.

मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "ते जाऊ द्या. पोरीची खाट कुठं टाकणार?"

"मागच्या खोलीत."

"तिथं काय हाय?"

मी ओटीचं ताट खाली ठेवलं. तिथं कूलर होता.

लेक पाटावरून माझ्याकडं बघत होती. "आई, मग हा एसी कुणासाठी लावला?"

तिचा तो चेहरा अजून आठवतो. एवढी खटपट केली, भिंत फोडली, पण बाळंतिणीच्या खाटेचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. तो आला कुणाच्या डोक्यात, तर जिच्यावर मी नेम धरला होता तिच्या.

"माणूस बोलवून हिच्या खोलीत नीट लावून घ्या," विहीणबाई म्हणाल्या. "लावला की फोन करा, आणून सोडते. तवर ती माझ्या घरी."

आणि खरंच लेकीला जीपमध्ये घालून घेऊन गेल्या. चार दिवसांत मेकॅनिकनं मागच्या खोलीत एसी लावला. या वेळी जागा त्यानंच ठरवली. पाणी मुकाट्यानं परसात पडायला लागलं आणि लेक आली. मे महिन्यात नात झाली.

इथं तरी मी शहाणी झाले असेन, असं वाटेल. कूलर बैठकीत ठेवायला हवा होता. मागच्या खोलीतून निघालेला तो कूलर मी माळ्यावर चढवला, विहीणबाई नात बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी.

त्या भर दुपारी आल्या, घामानं निथळत, थेट मागच्या खोलीकडं निघाल्या. मी हात धरून त्यांना दिवाणावर बसवलं. "उन्हातून आलात विहीणबाई. घाम वाळल्याशिवाय लेकराला घेऊ नये, व्हय की न्हाई?"

यावर कुठली आजी नाही म्हणेल? त्या पदरानं वारा घेत बसल्या. आमच्या बैठकीत मे महिन्यात घाम वाळत नसतो. मी सरबताला लिंबं धुवायला घेतली, एकेक करून. पाऊण तासानं आतून लेकीनंच दार उघडून सासूला हाक मारली, म्हणून त्या सुटल्या. नाहीतर लिंबं माझ्याकडं अजून पुष्कळ होती.