किल्ली फिरवली की धप्प

“आता ऐका,” म्हणत प्रभाकररावांनी किल्ली फिरवली. मागच्या काचेखाली बसवलेल्या दोन्ही स्पीकरमधून धप्प असा आवाज आला. भरलेलं पोतं ओट्यावर टाकावं तसा. मग क्षणभर शांतता, आणि त्यानंतर खंजिरीवरचं भजन सुरू झालं.

“भजन चांगलं वाजते,” प्रभाकरराव म्हणाले. “पण त्याच्या आधी हे काहून होते?”

“बूस्टरचा आवाज आहे तो,” मी म्हणालो. “सगळ्याच गाड्यांत येते.”

“सगळ्या गाड्यांत माहा बाप नाही बसत.”

हे ऐकून मी हातातला पेचकस खाली ठेवला.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. नागपुरात प्रताप नगरच्या एका दुकानात मी कार स्टिरिओ बसवायचं काम करायचो. त्याआधी त्याच दुकानात, त्याच मालकांच्या, बाबूजींच्या हाताखाली मी जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करत होतो. रेडिओ गेले, टेप आले, बाबूजी मात्र तेच राहिले. काम फत्ते होवो न होवो, गिऱ्हाईक दुपारच्या जेवणाआधी वाटेला लागलं पाहिजे, असा त्यांचा बाणा होता.

प्रभाकररावांचं जवळच सायकलचं दुकान होतं. त्यांचे वडील गोविंदराव आयुष्यभर खासगी बस चालवत आले होते. त्या हिवाळ्यात त्यांना हार्ट अटॅक आला. डॉक्टरांनी घरी पाठवलं ते स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं बजावूनच. तेव्हापासून म्हातारा खाटेवर पडून छताकडे बघत राहायचा. जेवण कमी, बोलणं त्याहून कमी. म्हणून प्रभाकररावांनी एक जुनी अँबेसिडर घेतली, आमच्याकडून टेप बसवून घेतला आणि दर रविवारी वडिलांना शेतावर न्यायला सुरुवात केली. शेत हुडकेश्वरला. तेव्हा हुडकेश्वर म्हणजे खेडंच होतं. गावच्या भजनमंडळाची कॅसेट लावायची, शेतात चक्कर मारायची आणि परत यायचं. एवढ्यावर माणूस पुन्हा जेवायला लागला होता.

आणि आता त्यानं गाडीत बसायलाच नकार दिला होता.

“डॉक्टर म्हणते, या आवाजानं हार्टले काही होत नाही,” प्रभाकरराव सांगत होते. “पण बाबा दचकते. स्पीकर नेमका त्याईच्या डोक्यामागं. जिंदगीभर बस चालवली, आता दचकाची लाज वाटते त्याईले. म्हणते, मले भजनच नाही ऐकायचं. मागच्या रविवारी उठलेच नाही खाटेवरून.”

बाबूजी गल्ल्यावरून म्हणाले, “त्याईले सांगा, सेट नमस्कार करून राहिला.”

प्रभाकरराव हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही. खरं सांगायचं तर मला म्हाताऱ्याची काळजी वाटली, पण त्याहून जास्त त्या आवाजाचं कुतूहल वाटलं. इतकी वर्षं मी तो आवाज ऐकत होतो आणि ‘येतोच’ म्हणून सोडून देत होतो. माझी एक खोड आहे. एखादी गोष्ट का होते हा किडा डोक्यात शिरला की मला जेवण गोड लागत नाही.

आधी वायरिंग बघितलं. अर्थिंगची वायर घासून पुन्हा पक्की केली. धप्प कायम. मग टेपपासून बूस्टरकडे जाणारी पिन काढली. बूस्टर म्हणजे टेपचा बारीक आवाज मोठा करून स्पीकरला देणारा डबा. टेप असा वेगळा केला तरी धप्प आलाच. म्हणजे टेप निर्दोष, चोर बूस्टरमध्ये. दुसरा बूस्टर लावून बघितला. त्याचा धप्प थोडा लहान, पण होताच.

कारण असं. बूस्टर आणि स्पीकर यांच्यामध्ये एक मोठा कपॅसिटर असतो. कपॅसिटर म्हणजे विजेची टाकी समजा. गाडी बंद असते तेव्हा ही टाकी रिकामी असते. किल्ली फिरवली की ती भरायला लागते, आणि भरणारा तो सगळा लोंढा स्पीकरमधून जातो. सकाळी नळाला पाणी येताना आधी कशी फुस्सकन हवा येते, तसंच. टाकी एकदा भरली की पुढं सगळं शांत.

मग उपाय सोपा होता. टाकी भरेपर्यंत स्पीकर वेगळा ठेवायचा, तिचा लोंढा रेझिस्टर नावाच्या छोट्या तुकड्यातून परस्पर वळवायचा, आणि मग स्पीकर जोडायचा. त्यासाठी सीताबर्डीच्या बाजारातून एक रिले आणला. रिले म्हणजे विजेनं चालणारं बटन. ते उशिरा दाबलं जावं म्हणून त्याच्याआधी एक छोटा टायमर बनवला. टायमरमध्येही एक कपॅसिटर, पण लहानसा. किल्ली फिरवली की हा लहान कपॅसिटर हळूहळू भरणार, भरला की रिलेला हुकूम देणार, आणि मग स्पीकर जोडला जाणार. तोवर मोठ्या टाकीची धुसफूस कोणाला ऐकूच जाणार नाही.

सगळं एका साबणाच्या डबीत बसवलं. किल्ली फिरवली. शांतता. मग टक्, आणि भजन. माझी छाती फुगली. बाबूजींनी मान वर करून एकदा डबीकडे आणि एकदा घड्याळाकडे बघितलं.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच प्रभाकरराव ओट्यावर बसलेले.

“काल बाबाले मनवून बसवलं. घरून निघतानी काहीच आवाज नाही आला. बाबा खूश. अन् रस्त्यात पुन्हा धप्प. येतानीही धप्प. आता ते म्हणते, तुमी दोघं मिळून मले येडा बनवून राहिले.”

“रस्त्यात सेटचं बटन बंद-चालू केलं का?”

“नाही, बटनाले हातच नाही लावला.”

मी डबी काढून टेबलावर घेतली आणि सकाळभर तपासली. सप्लाय द्यायचा, टक् ऐकायचं, सप्लाय काढायचा, पेचकस टेकवून कपॅसिटर रिकामे करायचे, पुन्हा सप्लाय. एकदाही चूक सापडली नाही. पेचकस टेकवायची ही सवय व्हॉल्व्हच्या रेडिओवरची. त्या रेडिओचे कपॅसिटर बंद केल्यावरही असा झटका द्यायचे की माणूस स्टुलावरून खाली. म्हणून बाबूजींनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, बंद केलं की आधी पेचकस टेकव, मग हात लाव. बारा व्होल्टच्या गाडीत याची काही गरज नव्हती, पण हाताला कोण सांगणार?

“डबी ठीक आहे,” बाबूजी म्हणाले. “म्हाताऱ्याच्या मनात भेव बसलं असन.”

“आवाज मीही ऐकला ना,” प्रभाकरराव म्हणाले.

“मंग खड्ड्यात वायर हालत असन. सेट वापस घे विलास, पैसे देऊन टाक अन् मोकळा हो.”

सेट परत घेतला असता तर बाबूजी मोकळे झाले असते. मी झालो नसतो, आणि गोविंदराव तर अजिबात नाही. मी संध्याकाळी प्रभाकररावांच्या घरी गेलो. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“बाबा, तो आवाज मले धरायचा आहे,” मी म्हणालो. “दुकानात तो काही केल्या येत नाही. रविवारी तुमी संगं चालाल का?”

त्यांनी कूस बदलली. “तू कुठी बसशीन?”

“मागं. तुमच्या बाजूले, स्पीकरपाशी.”

“मंग येतो. पाहू दे तुलेही कसं वाटते ते.”

रविवारी निघालो. घरापाशी काही आवाज नाही. टक्, आणि भजन. मी मागं वळून स्पीकरच्या वायरीला बोट लावून बसलो होतो. दोन-चार मोठे खड्डे गेले, तरी काही नाही. वस्ती संपली आणि पुढं एक लांबलचक उतार लागला.

“प्रभाकर, उतार आला,” गोविंदराव म्हणाले. “किल्ली बंद कर.”

प्रभाकररावांनी क्लच दाबला, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि किल्ली बंद केली. इंजिन थांबलं, भजन थांबलं. गाडी नुसती वाऱ्यासारखी खाली सुटली. टायरचा सरसर आवाज तेवढा येत होता. मी वायर सोडून या बापलेकांकडे बघतच राहिलो. दोघांच्याही चेहऱ्यावर काही नवीन घडल्याची खूण नव्हती. उतार संपत आला तसं गोविंदरावांनी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. प्रभाकररावांनी किल्ली फिरवली, गियर टाकला, क्लच सोडला.

धप्प.

मी त्यांच्या बाजूलाच होतो. मला माहीत होतं तरी मी दचकलो. म्हाताऱ्याचे डोळे मिटले होते आणि ओठ पांढरे पडले होते. ते दिसत होतं, तरीही मला हसू फुटलं.

“हासून काहून राहिला गा?” गोविंदराव चिडून म्हणाले.

“सापडला बाबा. तुमी दर उताराले किल्ली बंद करता?”

“उताराले अन् फाटकाले. पेट्रोल काय फुकट येते? तीस वर्षं शेठचं डिझेल वाचवलं मी. पोराले पहिलं तेच शिकवलं.”

“मी विचारलं तवा तुमी बोलले काहून नाही?” मी प्रभाकररावांना म्हणालो.

“तुमी सेटच्या बटनाचं विचारलं,” ते म्हणाले. “किल्लीचं कुठी विचारलं?”

बरोबर होतं. माणूस श्वास घेतो हे काही तो मेकॅनिकला सांगत नाही. आणि सेटची वायर किल्लीला मीच जोडली होती, विसरून चालू राहिला तर बॅटरी उतरू नये म्हणून. त्यामुळे किल्ली बंद म्हणजे सेट बंद, बूस्टर बंद, माझा टायमरही बंद.

पुढचं कोडं फाटकाशी थांबलो तेव्हा सुटलं. रेल्वे येत होती, किल्ली अर्थातच बंद होती. किल्ली बंद झाली की बूस्टरची मोठी टाकी लगेच रिकामी होते, कारण तिला त्या रेझिस्टरमधून वाहून जायला वाट असते. माझ्या टायमरमधल्या लहान कपॅसिटरला मात्र मी भरायची वाट दिली होती, रिकामं व्हायची दिलीच नव्हती. तो आपला थेंब थेंब गळत बसायचा. उतार संपेपर्यंत तो भरलेलाच असायचा. किल्ली फिरवली की त्याला वाटायचं, आपण तर भरलेले आहोत, मग उशीर कशाला? तो ताबडतोब स्पीकर जोडून मोकळा व्हायचा. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी शांत, आणि उतारावरची गाडी धप्प. दुकानात हे दिसणार कसं? तिथं दर वेळी मीच पेचकस टेकवून त्याला रिकामं करत होतो. म्हाताऱ्याची सवय चूक घडवत होती आणि माझी सवय ती झाकत होती.

बाबूजींना सांगितलं तर ते म्हणाले, “मंग सोपं आहे. म्हाताऱ्याले सांग, किल्ली बंद नको करू.”

हे मी ऐकणार नव्हतो. ज्या माणसाचं स्टिअरिंग सुटलं, बस सुटली, त्याच्याकडे गाडीतला एवढा एकच हुकूम उरला होता. तोही एका साबणाच्या डबीसाठी काढून घ्यायचा?

मी टायमरमध्ये एक डायोड टाकला. डायोड म्हणजे विजेचा एकेरी रस्ता, तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा. किल्ली चालू असताना तो गप्प बसतो. किल्ली बंद झाली की त्याच्यातून लहान कपॅसिटर सप्लायच्या वायरीत झटकन रिकामा होतो. या वेळी पेचकस ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर बंद केला आणि किल्ली हवी तशी, हवी तितकी बंद-चालू केली. दर वेळी शांतता आणि टक्.

पुढच्या रविवारी पुन्हा मी मागच्या सीटवर. उतार आला, हुकूम सुटला, भजन थांबलं. उतार संपताना गोविंदरावांनी पुढची सीट धरली. किल्ली फिरली. टक्. भजन जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू झालं. त्यांनी हात लगेच सोडले नाहीत. फाटकाशी पुन्हा तसंच झालं. तिथं ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “भेलो होतो गा मी. खरंच भेलो होतो.” प्रभाकररावांनी ऐकलं असावं, पण ते समोर बघत राहिले.

शेतातून परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. येतानाही एक उतार लागायचा. तो आला आणि मागून काहीच हुकूम आला नाही. प्रभाकररावांनी आरशात बघितलं. गोविंदरावांची मान स्पीकरकडे कलली होती. तोंड अर्धवट उघडं होतं.

“बाबा?” प्रभाकरराव म्हणाले.

त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि ब्रेक दाबला. पोरगा पांढराफटक पडला होता. मी म्हाताऱ्याच्या खांद्याला हात लावला.

गोविंदरावांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे बघितलं, मग पोराकडे, मग बाहेर रस्त्याकडे.

“गाडी काहून थांबवली?” ते म्हणाले. “अन् थांबवली तर किल्ली तरी बंद कर. पेट्रोल जळून राहिलं.”

प्रभाकररावांनी किल्ली बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. म्हाताऱ्याला मात्र पोराला काय झालं ते काही कळलं नाही.

त्यानंतर अनेक वर्षं मी गाड्यांचे आवाज शोधले. आवाज कधी येतो, असं गिऱ्हाइकाला विचारणं मी सोडून दिलं. मागच्या सीटवर बसतो आणि म्हणतो, रोज चालवता तशी चालवा.