कापला गेलेला शेवटचा परिच्छेद

गेल्या मंगळवारी सकाळी, कल्याणला, दारात मनीषा उभी. हातात माझ्याच लेखाचं कात्रण. "ताई, हे तुम्हीच लिहिलंय ना? मग आता तुम्हीच त्यांना सांगा."

'ते' म्हणजे तिचे सासरे, बाळारामदादा. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे तिथे पूर्वी त्यांची शेतं होती. अजून शेजारच्याच घरात राहतात. अडीच महिन्यांपूर्वी त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला... पहिली केमो झाली, आणि दुसरीला ते गेलेच नाहीत.

कारण माझा लेख. नॅनो तंत्रज्ञानावर लिहिला होता. डोळ्यांना न दिसणारे कण औषध घेऊन थेट गाठीपर्यंत पोहोचतात, बाकी शरीराला त्रास कमी... श्वासातूनच आजार लवकर ओळखू शकणाऱ्या सेन्सरवरही काम चालू आहे, वगैरे. दादांनी तो कापून ठेवला आणि घरात जाहीर केलं, हे औषध येऊ दे, मग घेईन. दुसऱ्या केमोची तारीख उलटून पंधरा दिवस झाले होते.

मी कात्रण वाचलं. शेवटचा परिच्छेद नव्हता. त्यात लिहिलं होतं की यातलं बरंचसं अजून प्रयोगशाळेत आहे, चालू उपचार कोणीही थांबवू नयेत. जाहिरात आली असणार, जागा कमी पडली असणार... आणि मजकूर नेहमी खालूनच कापतात.

उपसंपादकाला दोष देता येईना. मीही वर्षानुवर्षं डेस्कवर बसून दुसऱ्यांचे मजकूर तसेच कापले आहेत. शेवटी लिहिलेलं आधी जातं, हे मला माहीत होतं. तरी लेखाचा शेवट छान व्हावा म्हणून सावधगिरीचं वाक्य मी तिथे ठेवलं.

दादा अंगणात बसले होते. बरेच वाळले होते. मला बघून हसले, "काय गो लेखिका, तुझा औषध कवा येनार?"

मी सगळं सांगितलं. तशा जातीची काही औषधं आज वापरात आहेत, पण तुम्हाला कुठलं चालेल ते डॉक्टरच ठरवतील, हेही सांगितलं. "मी लिहिलं होतं दादा... पण शेवटी लिहिलं होतं."

त्यांनी माझ्या हातातलं कात्रण घेऊन खालची कड पाहिली. मग म्हणाले, "मना पेपर पयल्यापासून शेवटपर्यंत वाचाची सवय हाय. छापला आसता तं मी वाचला आसता."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं...

मी 'सॉरी' म्हटलं. त्यांनी हात झटकला आणि मनीषाला फाइल काढायला सांगितली. मग माझ्याकडे वळून, "तू पन चल. डॉक्टर वरडला तं तुला पुढं करीन."

बुधवारी आम्ही तिघं ठाण्याला, माजिवड्याच्या हॉस्पिटलमध्ये. डॉक्टर ओरडले नाहीत. नॅनो औषधाचं दादांनी स्वतःच विचारलं. डॉक्टरांनी नीट समजावलं, तुमच्यासाठी सध्या ठरलेलंच बरोबर आहे. पंधरा दिवसांच्या उशिराने किती फरक पडला, असं मी विचारलं. ते म्हणाले, आज सांगता येणार नाही, पुढच्या स्कॅनमध्ये कळेल. रक्त तपासलं, आणि दुपारी केमोचं सलाईन लागलं.

पुढचे दोन दिवस दादांना उलट्या झाल्याच. स्कॅन अजून व्हायचा आहे. त्यात काय निघेल मला माहीत नाही, आणि ते माझ्या मनातून जातही नाही.

पण बुधवारी हॉस्पिटलमधून परत येताना, शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली असताना, दादांनी डोळे मिटूनच विचारलं, "पुढच्या टायमाला येशील ना?"

हो म्हटलं. ज्या माणसाने मला दारातूनच परत पाठवलं असतं तरी चाललं असतं, त्याने मला सोबत ठेवलं... एवढ्या वर्षांच्या लिखाणात इतका मोठा विश्वास माझ्यावर कोणी टाकल्याचं आठवत नाही.